वानखेड्यांचा गुरुवार

बुधवारी संध्याकाळी वानखेड्यांच्या घरून लतावहिनींचा फोन आला. "भाऊजी, उद्या हे येत नाहीत," एवढंच त्या म्हणाल्या. मी नुकताच भोसरीहून घरी पोचलो होतो, पायातले बूटही काढले नव्हते. मी म्हणालो, "अहो वहिनी, हे आदल्या दिवशी संध्याकाळी कळवून काय उपयोग? मुक्ताला मी आता काय सांगू? निदान शुक्रवारी जमणार आहे का, एवढं तरी विचारा त्यांना." मग त्यांच्या भावाने फोन घेतला आणि सांगितलं. दुपारी कंपनीत जेवण झाल्यावर वानखेडे खुर्चीत बसले होते, ते उठलेच नाहीत. डॉक्टर म्हणाले, हृदयविकार. वय छप्पन्न, म्हणजे माझ्याहून दोन वर्षांनी लहान. त्यांच्या मृत्यूची बातमी येताना माझ्या तोंडी तक्रार होती, याचं मला वाईट वाटत असेल असं समजून लोक माझं सांत्वन करतात. त्याची गरज नाही. वीसेक वर्षांत त्यांच्याशी किंवा त्यांच्याबद्दल तक्रारीशिवाय मी फारसं बोललोच नव्हतो. शेवटी वेगळं काही बोललो असतो, तर त्यांनाच संशय आला असता.

आमची ओळख एका पालकसभेत झाली. फिट्स येणारी, फार आक्रस्ताळी, शाळेने घरी पाठवलेली, अशी मुलं जिथे तपासायला नेत, त्या केंद्रात महिन्यातून एकदा ही सभा भरे. सभेला सगळ्या आयाच. पुरुष दोनच, आणि तेही मागच्या बाकावर. आमची मुक्ता तेव्हा सात वर्षांची होती. तिला फिट्स येत आणि फिट नसे तेव्हा संताप येई. ती चावायची, हाताला लागेल ते फेकायची. वानखेड्यांचा निखिल तिच्याच वयाचा. त्याला दमा, आणि एका जागी बसणं माहीत नाही. घरच्यांचा डोळा लागला की दार उघडून पसार. बोलणं दोन-चार शब्दांचं. सभेत मॅडम सांगत होत्या की पालकांनी संयम ठेवायला हवा. मागून आवाज आला, "मॅडम, हे संयम कोणत्या दुकानात भेटते? आमच्या येरवड्यात तर नाही दिसलं." सगळ्या आया हसल्या. मी हसलो नाही. मी कॉस्टिंग खात्यातला, खर्चाचे हिशेब मांडणारा माणूस, सभेत माहिती घ्यायला आलो होतो, करमणुकीला नव्हे. सभा सुटल्यावर हा अमरावतीकडचा गृहस्थ चहाच्या टपरीवर माझ्याशेजारी येऊन उभा राहिला आणि माझ्या मनगटावरचे दातांचे वण पाहून म्हणाला, "पोरगी आहे वाटते. पोरगं असतं तर खांद्यावर असते." मी विचारलं, "आपला काय संबंध?" त्यांनी शर्टाची कॉलर बाजूला करून स्वतःचा खांदा दाखवला.

तिथेच त्यांनी ती कल्पना काढली. त्यांच्या कारखान्याला आणि माझ्या कारखान्याला सुट्टी एकाच दिवशी, गुरुवारी. भोसरीच्या बाजूला वीज वाटून घेण्यासाठी कारखान्यांना गुरुवारची सुट्टी असते, हे तिथे काम करणाऱ्या सगळ्यांना माहीत आहे. ते म्हणाले, "गुरुवारी तुमची पोरगी मले द्या, माझा पोरगा तुम्ही घ्या." मला वाटलं हा माणूस चेष्टा करतोय. "त्याने काय होणार?" "अहो, आपलं लेकरू चावलं की वाटते, आपलं नशीबच चावलं. दुसऱ्याचं चावलं की नुसतं दुखते." हे वाक्य मला तेव्हा उथळ वाटलं होतं. घरी येऊन सुनीताला सांगितलं तेव्हा ती भाजी चिरायची थांबली आणि म्हणाली, "देऊन बघू या." माझी बायको सहसा कोणावर पटकन विश्वास ठेवत नाही. तिने एवढ्या पटकन हो म्हणावं, इतकी ती दमली होती, हे मला त्या दिवशी कळलं.

तर अदलाबदल सुरू झाली. गुरुवारी सकाळी दहाला वानखेड्यांनी निखिलला घेऊन स्वारगेटजवळच्या आमच्या घरी यायचं, निखिलला माझ्याकडे द्यायचं, मुक्ताला घेऊन जायचं, आणि चारला परत उलट. नियम सगळे त्यांचेच. ज्याच्याकडे मूल, त्याचा शब्द शेवटचा. जाताना सूचना द्यायच्या नाहीत. मूल सोपवलं की मागे वळून पाहायचं नाही, कारण आपण पाहिलं की ते सुरू होतं. आता मुक्ताच्या गोळ्यांची वेळ, फिट आली तर कुशीवर कसं वळवायचं, तोंडात काही घालायचं नाही, हे सांगायला नको? मी दारात उभा राहून सांगत असे आणि वानखेडे "हो बाप्पा, हो" म्हणत जिना उतरलेले असत. पहिल्या महिन्यातच मला समजलं की हा माणूस माझ्या मुलीला दिवसभर पीएमटीच्या बसमधून फिरवतो. दिवसाचा पास काढायचा, ड्रायव्हरच्या मागच्या सीटवर तिला खिडकीशी बसवायचं, शेवटच्या थांब्यापर्यंत जायचं, उतरायचं, दुसऱ्या बसमध्ये बसायचं. मी विचारलं, "बसमध्ये फिट आली तर?" ते म्हणाले, "आली होती ना मागच्या गुरुवारी. कंडक्टरनं बस थांबवली, मी कुशीवर वळवलं, तुम्ही सांगितलं तसंच. मग पुढे गेलो." म्हणजे जिन्यावरून ऐकत होते तर! आणि मला सांगितलं नव्हतं. मी संतापून काही बोलणार, तोच मुक्ता आत आली, चपला जागेवर ठेवल्या आणि पाणी प्यायली. ग्लास फेकला नाही. घरात एकही वस्तू शाबूत न ठेवणारी मुलगी हलत्या बसमध्ये पाच-सहा तास गप्प बसत होती, तीही त्यांच्या शेजारी. मी एकदा तिला तसंच घेऊन गेलो. दुसऱ्या थांब्यावर आम्हाला उतरवण्यात आलं.

निखिलचं माझ्याशी जमलं, हे मात्र मी माझ्या बाजूने नोंदवतो. त्याला पंख्यांचं वेड होतं. गुरुवारी बुधवार पेठेतली विजेच्या सामानाची दुकानं उघडी असत. मी त्याला तिथे न्यायचो, एकाच क्रमाने, त्याच दुकानांसमोर, प्रत्येकासमोर तेवढाच वेळ. त्याला तो ठरावीकपणा मानवला. दमा उठला तर पंप माझ्या पिशवीत. दुकानदार कंटाळून म्हणायचे, "काका, घ्यायचाय का एखादा?" "नाही, बघायचाय," मी म्हणायचो. पुण्यात या उत्तराला कोणी हरकत घेत नाही. आणि या सगळ्याचा खरा हेतू? गुरुवारी दुपारी दोन्ही घरांतल्या बायका झोपत. बस. लतावहिनी शिवणाचं मशीन बंद करून, सुनीता फोन काढून ठेवून. आठवड्यातली ती एकच सलग झोप. नातेवाईक विचारायचे की मुलांमध्ये काही सुधारणा आहे का. मी म्हणायचो, बायकोत आहे.

पण वानखेडे दहाला कधीच आले नाहीत. साडेदहा. नेहमी साडेदहा. बस चुकली, निखिलने शर्ट काढून फेकला, रस्त्यात गाववाले भेटले. मी म्हणायचो, "अहो वानखेडे, तुम्ही दर वेळी साडेदहालाच येता, तर तसं ठरवू या ना." ते म्हणायचे, "साडेदहा ठरवलं तर अकरा वाजतील हो आपटेसाहेब." मुक्ता सकाळी नऊपासून दाराशी पिशवी घेऊन बसलेली. माझा जीव अर्धा तास टांगणीला आणि हे गृहस्थ संत्र्यांची पिशवी हलवत जिना चढतायत.

एकदा आम्ही थेट स्वारगेटवर भेटायचं ठरवलं आणि तिथे जे झालं, त्यावर आमच्या घरात अजून एकमत नाही. मी मुक्ताला त्यांच्याकडे दिलं, त्यांनी निखिलला माझ्याकडे. ते नियमाप्रमाणे मागे न पाहता निघाले. तेवढ्यात निखिलने माझा हात सोडला आणि वडिलांच्या मागे गर्दीत पळाला. मी पळालो, तो दिसेना, वानखेड्यांची बस सुटताना दिसली. मला वाटलं, पोरगं बापाला चिकटलं असणार, बापाने घेतलं असणार. मी घरी आलो. दुपारी वानखेडे लवकरच परतले आणि दारातून म्हणाले, "निखिल झोपला काय?" मी म्हणालो, "तुमच्याकडे आहे ना?" त्यांचा चेहरा त्या क्षणी जसा झाला, तसा मी पुन्हा कधी पाहिला नाही. मुलाचा पंप माझ्या पिशवीत होता. मुक्ताला सुनीताकडे सोडून आम्ही दोघे स्वारगेटपर्यंत धावत गेलो, एकमेकांना काय काय बोललो ते इथे लिहिण्यासारखं नाही. निखिल आगारातल्या चौकशीच्या खोलीत पंख्याखाली बसला होता. तिथल्या साहेबांनी त्याला चहा-बिस्किटं दिली होती आणि वर आम्हाला सुनावलं, "दोन दोन बाप आणि पोरगं एकटं?" मागे वळून पाहायचं नाही हा नियम कोणाचा होता? सुनीताच्या मते चूक निम्मी निम्मी. मी अजून तिच्याशी सहमत नाही. त्या गुरुवारनंतर मी ठरवलं होतं की हे प्रकरण बंद. पुढच्या गुरुवारी साडेदहाला बेल वाजली. दारात वानखेडे, हाताशी निखिल. मी म्हणालो, "आता काय?" ते म्हणाले, "गुरुवार आहे ना?" एवढं झाल्यावर त्यांनी आपला मुलगा पुन्हा माझ्याच हातात दिला आणि जिना उतरले. मागे वळून पाहिलं नाही.

पुढे त्यांचा कारखाना बंद पडला. बाहेरचा माल आला, यांचा खपेना, लोकांना पैसे देऊन घरी बसवलं. काही वर्षांनी वानखेडे हिंजवडीच्या एका आयटी कंपनीत गाड्यांचं वेळापत्रक बघायला लागले. वेळापत्रक, आणि वानखेडे! तिथे शनिवार-रविवार सुट्टी. यांनी गुरुवार मागितला. तिथली मुलगी म्हणाली, "अंकल, थर्सडे ऑफ कोण घेतं? वीकेंड सोडून?" हे म्हणाले, "बेटा, माझा वीकेंड आपटेसाहेबांच्या घरी असते." गुरुवार मिळाला. पगार त्या बदल्यात किती कमी केला, हे त्यांनी सांगितलं नाही आणि मीही, एरवी सगळं विचारणारा माणूस, विचारलं नाही.

आमचं खरं भांडण एकाच गोष्टीवर होतं, आणि ते मिटलं नाही. मुलं मोठी झाली, आम्ही म्हातारे होत चाललो. मी म्हणायचो, पालकत्वाचे कागद करू, दोन-चार कुटुंबं मिळून काही व्यवस्था उभी करू. ते म्हणायचे, "काहून टेन्शन घेता? तुमच्या मागे मी, माझ्या मागे तुम्ही." मी विचारायचो, "आणि दोघांच्या मागे?" यावर ते हसायचे आणि संत्रं सोलायला घ्यायचे. मला त्या हसण्याचा फार राग यायचा. अजून येतो. वयाने मी मोठा, हिशेबाने पाळी माझी होती. प्रश्न तसाच टाकून हा माणूस आधी निघून गेला.

ते गेल्यानंतरचा पहिला गुरुवार आम्ही कसा काढला, ते सांगत नाही. माझ्या मनगटावर नवे वण आहेत. दुसऱ्या गुरुवारी मी तिला बसमध्ये नेलं. तिने शेजारच्या सीटवर हात आडवा ठेवला, मी तो उचलायला गेलो आणि पुन्हा आम्हाला उतरावं लागलं. तिसऱ्या गुरुवारी लतावहिनी निखिलला घेऊन आल्या. म्हणाल्या, "भाऊजी, मी नेऊन पाहते मुक्ताला." मला त्यांना एकटं पाठवायचा धीर होईना, निखिलला घरी ठेवून जाता येईना. म्हणून चौघेही निघालो. इतक्या वर्षांत ही दोन मुलं एका बसमध्ये कधी बसलीच नव्हती. एकाला दुसऱ्याकडे द्यायचं, एवढंच आम्हाला सुचलं होतं... मुक्ता खिडकीशी बसली आणि शेजारी हात आडवा ठेवला. वहिनी उभ्या राहिल्या, मी उभा राहिलो. निखिलने वर पाहिलं. ड्रायव्हरच्या डोक्यावर एक छोटा पंखा फिरत होता आणि तो नीट फक्त त्या सीटवरून दिसत होता. त्याने मुक्ताचा हात उचलून तिच्या मांडीवर ठेवला आणि बसला. मी पुढे झेपावलो. वहिनींनी माझी बाही धरली. "थांबा. पाहू नका तिकडे." मुक्ताने त्याच्याकडे बराच वेळ पाहिलं, कोपराने त्याला जरा बाजूला सरकवलं आणि खिडकीबाहेर पाहू लागली. शेवटच्या थांब्यापर्यंत आम्ही दोघे दांडी धरून, रिकाम्या बसमध्ये, दुसरीकडे तोंड करून उभे होतो.

याला मी उत्तर म्हणत नाही. सीटवर शेजारी बसणं म्हणजे आयुष्याची व्यवस्था नव्हे. वकिलाला मी भेटलो आहे, या वेळी लतावहिनीही बरोबर आल्या, कागद होतील. पण गुरुवार आता चौघांचा झाला आहे, आणि सुनीता दुपारी झोपते.

वहिनी निखिलला घेऊन ठीक दहाला येतात. त्या वक्तशीर आहेत. मी तयार असतो, पाण्याची बाटली, गोळ्या, पंप, सगळं पिशवीत. तरी आम्हाला निघता येत नाही. मुक्ता दाराला पाठ लावून बसते आणि कोणालाही कडीला हात लावू देत नाही. समजावून झालं, रागावून झालं, घड्याळ दाखवून झालं. साडेदहा वाजले की ती स्वतः उठते, चपला घालते आणि दार उघडते. तोपर्यंत मी बूट घालून, मांडीवर पिशवी घेऊन बसून राहतो, आणि वीस वर्षं जे बोलत आलो तेच मनातल्या मनात बोलतो... अहो वानखेडे, किती हा उशीर.