घरच्या गोळ्या

नॉटिंगहॅमच्या हॉस्पिटलमध्ये मी ज्युनिअर डॉक्टर होतो, तेव्हाची ही गोष्ट. एकोणीसशे सत्तरच्या आसपासची. पोट दुखतं म्हणून आलेले साठीचे गृहस्थ मूळचे मुंबईचे ज्यू निघाले आणि माझं आडनाव ऐकून थेट मराठीतच बोलू लागले.

"काम काय करता?" मी विचारलं.

"फॅक्टरी सोडली. आता घरीच गोळ्या करतो."

मला वाटलं, पेपरमिंटच्या. "वा! म्हणजे गल्लीतल्या पोरांची चैन आहे!"

ते हसले नाहीत. खिशातून शिशाची एक गोळी काढून त्यांनी तिची कड अंगठ्याने तपासली आणि ती टेबलावर उभी केली. बंदुकीची होती. मागच्या शेडमध्ये हातप्रेसवर एकेक दाबून घडवायची आणि नेमबाजीच्या क्लबांना विकायची, असा त्यांचा धंदा होता.

मी त्यांना तोंड उघडायला लावलं. हिरड्यांच्या कडेने निळसर रेघ दिसली. शिसं अंगात भिनलं होतं.

"हे बंद करावं लागेल," मी म्हणालो.

"डॉक्टर, मुंबईत काय नि इथे काय, जन्मभर दुसऱ्याच्या मशीनवर पार्ट काढले. आता कुठे लोक माझ्या नावाने माल मागतात."

मी शिसं उतरवायच्या गोळ्या लिहून दिल्या. कागद घडी करून खिशात घालत ते म्हणाले, "तुमच्या मी घेतो. माझी तुम्ही ठेवा."

ते पुन्हा आले नाहीत. गोळी अजून माझ्या टेबलावर उभी आहे. त्यांचं नाव मात्र मला आठवत नाही.