नारिंगाचं तेल आणि मष्णूची कुरकुर

माघ सरत आला की बेळगुंदीत मालुबाईच्या परसात रात्रभर फुलं झडतात. आंबटगोड नारिंगाचं ते झाड तिच्या सासूनं लावलेलं. फांदीवरचं फूल कुणी खुडायचं नाही, एक फूल खुडलं की एक फळ गेलं; झाड आपल्या हातानं देईल तेवढंच घ्यायचं. म्हणून सांजेला झाडाखाली नवऱ्याचं, मष्णूचं, जुनं धोतर अंथरायचं आणि उजाडताना चारी टोकं धरून उचलायचं. काजूच्या झाडांमधून धुकं परसात शिरलेलं असतं, पांढऱ्या पाकळ्या धुक्यातच अंथरल्यासारख्या दिसतात, आणि आपण जागी आहोत की झोपेत चालतोय हे मालुबाईला नीट कळत नाही.

मग दिवसभर फुलं घरभर फिरतात. मूठभर पिण्याच्या माठात, सुकलेली साड्यांच्या घड्यांत, उरलेली उशीत. गावात कुणाची झोप उडाली की शेजारची जयाबाई सांगणार, "मालुबाईकडनं उशीला फुलं आण जा." गुळाच्या पाण्यात दोन फुलं उकळून प्यायली की पोटातली कालवाकालव बसते, असं सासू म्हणायची. बसते की नाही देव जाणे, पण पिणारा घटकाभर गप्प बसतो, त्यातच निम्मं दुखणं जातं. आणि तेल म्हणाल तर त्यासाठी माहेरपणाला आलेल्या लेकी डबी घेऊनच यायच्या.

पण दोन वर्षांमागं ताप आला आणि मालुबाईला कसलाच वास येईनासा झाला. ताप उतरला, वास काही परत आला नाही. तिनं कुणाला सांगितलं नाही. सांगितलं असतं तर डबी घेऊन कोण आलं असतं? ह्या घरात ती जन्मभर कुणाची सून, कुणाची बायको, कुणाची आई होती; तेलापुरती मात्र ती नुसती मालुबाई होती. ते जाईल ह्याची तिला भीती वाटायची.

तेलाचं सगळं नाकावर असतं. फुलं सावलीत मलूल करायची, खोबरेलात टाकून मंद निखाऱ्यांवर ठेवायची, आणि खोबऱ्याचा वास मागं सरून फुलाचा पुढं आला की भांडं उतरवायचं. जरा आधी उतरवलं तर कच्चं, जरा नंतर तर करपट. डोळ्यांना ती वेळ दिसत नाही. तरी दोन वर्षांत तिचं तेल एकदाही बिघडलं नव्हतं. हाताला सवय आहे, असं ती स्वतःला सांगायची.

बिघडलं होतं ते नवऱ्याचं डोकं. उभ्या आयुष्यात मष्णूनं चुलीकडं ढुंकून पाहिलं नव्हतं. आता परसाच्या पायरीवर तंबाखू मळत बसायचा आणि कुरकुरायचा. "अजून नुस्ता खोबऱ्याचाच वास मारतोय." घटकाभरानं, "उतरीव की आता. डोस्कं उठलं माजं." काम ना धाम, आणि वर तोंड. त्याचं तोंड बंद व्हावं म्हणून ती भांडं उतरवायची.

यंदा मष्णू पुतणीच्या साखरपुड्याला गुंजीला गेला. सून माधवी बेळगावात बँकेत कामाला. तिनं पहिल्यांदाच काही मागितलं होतं. "आत्या, मला डबीभर तेल करून द्या. रात्री डोळा लागत न्हाय." मालुबाईनं रविवारी निखारे सारखे केले. झाडावर मधमाश्या गुणगुणत होत्या, ऊन पाठीवर होतं, तेलात पाकळ्या हळूहळू फिरत होत्या. त्या फिरण्यात तिचं मन कुठल्या कुठं गेलं. कुणीच काही बोललं नाही.

आतून माधवी आली. "आत्या, करपलं वाटतं."

"डोळा लागला गं," मालुबाई म्हणाली. पण हातातली पळी तशीच राहिली. आमटीत मीठ विसरलं तरी मष्णू मुकाट जेवायचा. दोन वर्षांत त्यानं कुरकुर केली ती फक्त चुलीपाशी, आणि फक्त वासाची.

दुसऱ्या दिवशी मष्णू परतला तेव्हा नवं तेल चुलीवर होतं. तो पायरीवर टेकून तंबाखू मळू लागला.

"मला वास येत न्हाय, ते तुमास्नी ठावं हाय न्हवं?"

मष्णूचा अंगठा तळहातावर थांबला. "व्हय. तापाच्या साली दूध करपलं, आन् तू शेजारीच भाकरी थापत हुतीस. तवापासनं."

"मग बोलला का न्हाय?"

"तू सांगितलं न्हाईस. म्हटलं, लपवायचं आसंल तुला."

मालुबाईला रडू आलं, आणि इतक्या शिव्या फुकट घातल्या म्हणून लाजही वाटली.

"खोबरं मागं पडलं, उतरीव," मष्णू म्हणाला.

तिनं उतरवलं. "कसा येतोय, ते सांगा की. मी इसरत चाललीया."

मष्णूला शब्दांची सवय नव्हती. त्यानं तळहातावरची तंबाखू झटकली. मग म्हणाला, "शेतातनं यायचो न्हवं, तवा दारात पाय ठेवायच्या आदी कळायचं, तू घरात हाईस का न्हाईस. तुझ्या केसांवरनं. त्योच वास हाय ह्यो."

तेल निवलं तेव्हा मालुबाईनं पहिलं बोट स्वतःच्या भांगात फिरवलं. माधवीची डबी तिनं त्यानंतर भरली.