वशिल्याचे लिटर

इस्पितळात दम्याच्या वॉर्डात ऑक्सिजनचं बघणाऱ्या कर्मचाऱ्याला सगळे मामा म्हणतात. मामा पेशंटना नावानं ओळखत नाहीत, मिनिटाला लागणाऱ्या ऑक्सिजनच्या लिटरनं ओळखतात. "केळशीचे दोन लिटर जेवले काय वो?" असं ते नर्सबाईंना विचारतात.

आमच्या रत्नागिरीत आंब्याच्या पेटीपासून बदलीपर्यंत सगळं ओळखीनं होतं, मग ऑक्सिजन कसा सुटेल? याच वॉर्डात असलेल्या माझ्या वडिलांना डॉक्टरांनी दोन लिटरवर ठेवलं होतं. मी मामांच्या कानाला लागलो, "आपला माणूस आहे, जरा वाढवा." त्यांनी भिंतीकडे वळून नॉब फिरवला. भिंतीवरच्या पाण्याच्या बाटलीत बुडबुडे खळखळले आणि मी समाधानानं घरी गेलो.

परवा एका पुढाऱ्याचा भाऊ समोरच्या म्हाताऱ्यासाठी असाच आला. मामांनी पाठ आड करून शेजारच्या रिकाम्या खाटेचा ऑक्सिजन सोडला आणि तो खूश होऊन गेल्यावर बंद केला. मी बघतोय हे लक्षात आल्यावर म्हणाले, "जुन्या दमेकऱ्याला जास्त दिला तर तो श्वास घ्यायचाच विसरतो वो."

"आणि माझ्या वडिलांना वाढवलात तो?"

मामांनी वडिलांशेजारच्या रिकाम्या खाटेकडे बोट दाखवलं. "तुमचा वशिला तिथं निजलाय."