दाजींचा काळा गूळ

माझ्या दाजींइतकं चोखंदळ गुळाचं गिऱ्हाईक कोल्हापुरात दुसरं नव्हतं, आणि दाजींनी स्वतः गुळाचा खडा तोंडात टाकलेला कुणी पाहिला नाही. त्यांचा गूळ माश्या खात. दाजी, म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे, अक्काचे यजमान, नव्वदच्या दशकात कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवत आणि घरी मागच्या खोलीत फळमाश्या पाळत. दुधाच्या रिकाम्या बाटलीत तळाला मक्याचं पीठ आणि गूळ शिजवून ओतायचा, वर माश्या सोडायच्या, तोंडाला कापसाचा बोळा लावायचा. पिवळाधमक गूळ चालत नसे; तो रंग पावडरीचा असतो आणि त्यात अळ्या मरतात, असा त्यांचा अनुभव. म्हणून बाजारात ते सगळ्यांत काळी ढेप मागत. एका व्यापाऱ्यानं त्यांना बाजूला घेऊन हळूच विचारलं, "पावणं, भट्टी कुठं लावलीया?" दाजींनी माश्यांचं सविस्तर सांगितलं. व्यापारी म्हणाला, "दारूचं सांगितलं असतं तर पटलं तरी असतं की ओ."

या माश्यांच्या डोक्यावर मिशांच्या जागी पाय होते. दिवसभर बातम्या लिहून मी थकून तिथं जाई, तर चहाच्या आधी भिंग हातात येई. "बघा पावणं. छातीला पाय फोडायचा हुकूम देणारं एक जनुक असतंय. ह्यांच्यात ते डोक्यातबी जागं झालं. गवंडी चांगला हाय, पत्ता तेवढा चुकला." हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलं की पुढं पुढं ते मीच पुरं करी. अक्का आतून म्हणे, "माझ्या माहेरच्यांस्नी एवढा गूळ कधी मिळाला न्हाई." दाजी मात्र कंटाळत नसत. दर वर्षी नव्या वर्गाला तो पाय दाखवला की मागच्या बाकावरची पोरं गप्प होत. निवृत्तीपर्यंत हा वंश टिकवायचा, एवढीच त्यांची इच्छा होती. ज्या मित्रानं तो दिला, त्याची प्रयोगशाळा केव्हाच बंद पडली होती.

एका मे महिन्यात दाजी पेपर तपासायला परगावी गेले. माश्या नव्या बाटल्यांत घालायचं काम अक्कावर आलं. तिनं ते मनापासून केलं. लेकीच्या सासरच्यांसाठी जपून ठेवलेली पिवळीधमक ढेप फोडली, खाणं शिजवलं, सगळ्या माश्या हलवल्या आणि जुन्या बाटल्या उकळून धुऊन ठेवल्या. दाजी परतले तेव्हा माश्या तळाशी पडलेल्या होत्या आणि अळी एकही नव्हती. त्यांनी बोटावर ते खाणं घेतलं, वास घेतला आणि मला दाखवलं. ते सोन्यासारखं पिवळं होतं. तेवढ्यात अक्का दारात आली. "काय झालं ओ? माझं काय चुकलं का?"

दाजींनी बोट धोतराला पुसलं. "न्हाई गं. उन्हाळा. गर्मीनं गेल्या."

दाजींना निवृत्त होऊनही आता बरीच वर्षं झाली. अक्का अजून चहाला काळाच गूळ घालते. का, ते मी विचारलेलं नाही. मध्यंतरी गेलो होतो. टेबलावरच्या पिकल्या केळ्यावर एक माशी येऊन बसली. दाजींनी चष्मा कपाळावरून खाली ओढला, भिंग शोधलं, वाकून तिचं डोकं न्याहाळलं.

"साधी हाय," ते म्हणाले.

मग ती आपणहून उडेपर्यंत त्यांनी केळ्याला हात लावला नाही.