पोथीवरून उठले नाही ती सकाळ

लोक मला चांगली सून म्हणतात. आमच्या मंगळवार पेठेतल्या गल्लीत नवी नवरी आली की बायका तिला माझं उदाहरण देतात, "बघ, सासूचं कसं केलं हिनं, शेवटपर्यंत." सासूबाई जाऊन दोन वर्षं झाली, तरी हे चालूच आहे. ओरडून सांगावंसं वाटतं, बायांनो, गप बसा गं, तुम्हाला काय ठाऊक हाय? तर आता सांगूनच टाकते.

तिसऱ्या खेपेला माझं बाळ सातव्या महिन्यात गेलं. आधीची दोन तर दिवस राहिल्याचं चारचौघांना कळायच्या आतच गेलेली. या वेळी माझ्या आईनं हौसेनं कुंची शिवून पाठवली होती, लाल, जरीचा काठ लावलेली. दवाखान्यातून येऊन मला दहा दिवसही झाले नव्हते, तोवर आत्तींनी ती माझ्यादेखत शेजारच्या बाळंतिणीला देऊन टाकली. आमच्याकडं सासूला आत्तीच म्हणतात. "हितं पडून काय करायची हाय व्हय?" एवढंच म्हणाल्या. एरवी मी फटकळ, एकाला चार ऐकवणारी. त्या दिवशी मात्र दातखिळी बसली. तेव्हाच कडाकडा भांडले असते, चार भांडी आदळली असती, तर पुढचं झालं नसतं असं मला अजून वाटतं.

झोप गेली, भूक गेली. माझ्या माहेरी दत्ताची भक्ती, नृसिंहवाडीची पौर्णिमा कधी चुकायची नाही. आई म्हणाली, पोथीचा सप्ताह धर, मन जाग्यावर येईल. सात दिवस, रोज ठरलेले अध्याय. सकाळी अंघोळ करून बसायचं, शेजारी महाराजांसाठी एक रिकामा पाट मांडायचा, आणि त्या दिवसाचं वाचन संपेपर्यंत उठायचं नाही, कुणाशी बोलायचं नाही. मी पाट मांडताना बघून आत्ती हसल्या. "करून करून भागली आन् देवपूजेला लागली!" तळपायाची आग मस्तकात गेली, पण बसले.

आणि खोटं कशाला बोलू, पोथीनं मला धरलं. तिच्यात एक आई आहे. मेलेलं लेकरू ती कुणाच्या हातात द्यायला तयार नाही, लोक समजावून दमतात, ती ऐकत नाही. ते वाचताना मी हमसून हमसून रडले. दवाखान्यात जो तो "अजून वय हाय, होईल की" म्हणत होता. रडायला जागा मिळाली ती पोथीत. त्या रात्री कितीतरी दिवसांनी मला झोप लागली.

पाचव्या दिवशी सकाळी नवरा फौंड्रीत पहिल्या शिफ्टला गेलेला. घरात आम्ही दोघीच. वाचन निम्म्यावर आलं असेल, तेव्हा न्हाणीतून काहीतरी धप्पकन पडल्याचा आवाज आला. मग हाक आली. "अगं ए पोरी!" थोड्या वेळानं पुन्हा एकदा, जरा बारीक.

मी उठले नाही.

नियम होता ना. तेव्हा मी मनाला हेच सांगितलं. पण नियम माझ्या आड आला नव्हता, मीच त्याच्या आड लपले होते. कुणाच्या जिवावर बेतलं तर खुशाल उठावं, महाराज रागवत नाहीत, हे आईनं पहिल्याच दिवशी बजावलं होतं. आत्ती पडल्यात हे मला कळलं होतं. आणि मनात आलं, पडू दे. अगदी हेच शब्द. शेजारी महाराजांचा पाट, मांडीपुढं पोथी, आणि मी असलं म्हणत होते.

उरलेले अध्याय संपवून, आरती करून मी न्हाणीत गेले. पाऊण तास झाला असेल. आत्ती ओल्या फरशीवर पडून होत्या, खुब्याचं हाड मोडलेलं. ऑपरेशन झालं, पण त्या पुन्हा चालल्या नाहीत. दवाखान्यात नवऱ्यानं विचारलं, "तुला ऐकू न्हाय आलं?" मी म्हणाले, "पोथीत होते." तो बिचारा म्हणाला, "मग तू तरी काय करणार." आत्ती खाटेवरून माझ्याकडं बघत होत्या.

पोथी कापडात बांधून ठेवली ती ठेवलीच. तिला हात लावायची लाज वाटायची. आत्तींचं हागणं-मुतणं, अंघोळ, भरवणं सगळं मी केलं. लोकांना ती सेवा दिसली. मी आपली शिक्षा भोगत होते, आणि तीही धड भोगू देत नव्हतं कुणी, जो येईल तो कौतुक करून जायचा.

चार-पाच महिन्यांनी एका दुपारी आत्ती म्हणाल्या, "ती पोथी अर्धी टाकलीयास न्हवं? काढ. मला ऐकायची हाय."

"आता कशाला, आत्ती?"

"कशाला म्हंजे? मी मेल्यावर कुणाला ऐकवणार हायस?"

पुन्हा पहिल्यापासून घेतली, रोज दुपारी एक अध्याय. पहिल्याच दिवशी निम्म्यात त्या म्हणाल्या, "वाईच पाणी दे." मी ताडकन उठले. दुसऱ्या दिवशी उशी सरकवायची, तिसऱ्या दिवशी पाठ खाजवायची. मुद्दाम करतात की काय, असं वाटून राग यायचा आणि मग त्या रागाचीही लाज वाटायची.

असं करत त्या आईचा अध्याय आला. निम्म्यावर माझा आवाज फाटला. वर बघितलं तर आत्तींचे डोळे वाहत होते.

"पोरगी हुती," त्या म्हणाल्या. "तुला दावली न्हाई कुणी. मी बघितली. नाक तुझ्यावर गेलतं."

तोवर मला हे कुणी सांगितलं नव्हतं. मी पोथी मिटली. आता नाही बोलले तर कधीच बोलणार नाही, असं वाटलं.

"आत्ती, त्या दिवशी मला ऐकू आलं होतं."

"ठावं हाय की."

मी मिटलेली पोथी बाजूला ठेवली.

"दुसरी हाक मारली, तवा तू वाचायचा आवाज वाढवलास. पडल्या पडल्या ऐकत हुते मी."

आवाज वाढवला होता. हे तर मी स्वतःशीही कधी कबूल केलं नव्हतं.

"मग ह्यांना का नाही सांगितलं?"

"सांगितलं असतं, तर त्यानं इचारलं असतं, तिनं असं का केलं म्हणून. मग ते 'का' मलाच कुंचीपासून सांगाय लागलं असतं न्हवं?"

माफी त्यांनीही मागितली नाही, मीही नाही. मग त्यांनीच हातानं खूण केली, वाच. मी पोथी उघडली. अक्षर दिसेना. दोन ओळी कशाबशा पुटपुटले.

"ऐकू येत न्हाय," आत्ती म्हणाल्या. "मोठ्यानं वाच."