इंदूबाई आणि फुंकायचं मशीन

इंदूबाईंनी मला पहिल्यांदा पाहिलं तेव्हा तोंडाकडे पाहिलंच नाही, हातांकडे पाहिलं. मंगरूळपीरच्या बाजार समितीमागे त्यांचं टिनाचं शेड होतं. व्यापाऱ्यांकडची फाटकी रिकामी पोती, म्हणजे बारदाना, तिथे यायचा आणि झटकून, ठिगळं लावून, शिवून परत जायचा. बाई दारातल्या लाकडी बाकावर बसल्या होत्या. त्यांनी माझ्या एका हातात पोती शिवायचा दाभण दिला, दुसऱ्या हातात सुतळी, आणि म्हणाल्या, "ओव."

मी पहिल्याच झटक्यात सुतळी ओवली आणि शाबासकीची वाट पाहत उभा राहिलो.

"जाय घरी," बाई म्हणाल्या. "काल दारू सोडली म्हनतो, अन् हात असा सरळ? सोडणाऱ्याचा हात पह्यल्या दिवशी लटलट कापते. तू सकाळीच टाकून आला."

खरंच होतं. हात कापू नये एवढीच घेतली होती. जळालेल्या मोटारींचं वायंडिंग भरायच्या दुकानातला माझा मालक, माझी बायको सुवर्णा, या सगळ्यांना मी वर्षानुवर्षं बनवलं होतं, आणि या बाईने एका सुतळीत मला पकडलं. मी दाभण परत देऊन घरी गेलो.

दुसऱ्या दिवशी न पिता गेलो. हात असे कापत होते की सुतळी दाभणाला सोडून अंगठ्यालाच लागत होती. मागे रांग खोळंबली, लोक हसू लागले, बाई मात्र हलल्या नाहीत. कितीतरी वेळाने सुतळी गेली तेव्हा म्हणाल्या, "हां. आता जाय आत. पोती झटक."

बाईंचा नवरा बारदान्याचाच धंदा करायचा आणि दारूनेच गेला होता. "माह्या मानसाच्या हातात मी लय पैसे देले, सोड म्हून," त्या सांगायच्या. "पैसे हातात देल्यानं सुटत नाही रे. काम हातात द्या लागते." वाशीमच्या व्यसनमुक्तीच्या एका डॉक्टरांनी त्यांना रीत घालून दिली होती. रोज सकाळी दारात श्वासातली दारू ओळखणाऱ्या मशीनमध्ये फुंकायचं. मशीन गप्प राहिलं तर त्या दिवशी काम. असे कोरडे दिवस जात गेले की मजुरी वाढायची आणि कामही वरचं मिळायचं. आधी झटकणं, मग ठिगळ, मग शिवण, शेवटी बाईंबरोबर बाजारात माल निवडायला जाणं. मशीन वाजलं तर त्या दिवशी काम नाही, आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा तळाच्या मजुरीवर, धुळीत, झटकायला. कोणी कितीही रडलं, भांडलं, पायावर डोकं ठेवलं तरी बाईंचं उत्तर एकच असायचं. "उद्या गेट उघडंच हाय."

बाई चणीने लहान, डोक्यावर पदर, मनगटावर नवऱ्याचं भलंमोठं घड्याळ. साठीच्या माणसालाही "पोरा" म्हणायच्या. दुपारी सगळ्यांच्या ताटात डोकावल्याशिवाय स्वतःची भाकर सोडायच्या नाहीत. एखाद्याने चटणीवर भागवलेलं दिसलं की "काहून, पोटाचा उपास हाय का?" म्हणून आपल्यातलं बेसन त्याच्या ताटात लोटायच्या. पण सकाळी त्या बाकावर बसल्या की मला त्यांची धास्ती वाटायची. काल प्यालेलो नाही हे पक्कं माहीत असतानाही नळी तोंडात धरली की कानशिलं तापायची. स्वप्नात प्यालो असेन तर तेही मशीनला कळेल, असं वाटायचं. हे एकदा बोलून दाखवलं तर बाई म्हणाल्या, "भेव पाह्यजेच. भेव हाय तवर तू हाय." आणि मी नीट पाहिलं तेव्हा दिसलं की आम्ही फुंकताना त्यासुद्धा श्वास धरून बसतात. पदराचं टोक मुठीत आवळलेलं असायचं.

शिवण मला देवरावने शिकवली. जवळच्याच खेड्यातला, एकटा आईबरोबर राहणारा माणूस. आमच्यात त्याचे कोरडे दिवस सगळ्यात जास्त. त्याची शिवण इतकी बारीक की पोतं कुठे फाटलं होतं ते शोधावं लागे. मला सहा महिने व्हायला आठवडा उरला होता. सुवर्णा मुलीला, गौरीला, घेऊन माहेरी किन्हीराजाला राहत होती. तिने सांगून ठेवलं होतं की सहा महिने झाले आणि इंदूबाईंनी स्वतः फोन केला तरच परत येईन. माझ्या शब्दावर तिचा विश्वास नव्हता, आणि त्यात तिची काही चूक नव्हती.

त्या आठवड्यात आम्हा दोघांनाही धुळीचा खोकला झाला होता. मी दुकानातून काढ्याची बाटली आणली आणि पहाटे घरी दोन झाकणं घेतली. शेडवर रांगेत माझा नंबर आधी आला, मशीन गप्प राहिलं. मागे देवराव खोकून खोकून वाकला होता, म्हणून मी पिशवीतली बाटली त्याच्या हातात दिली. त्याने एक मोठा घोट घेतला, बाटली मला परत दिली आणि लगेच नळी तोंडात धरली.

मशीन वाजलं.

असल्या मुरवलेल्या काढ्यात आपसूक दारू तयार होते, हे आम्हा दारुड्यांपैकी एकालाही सुचलं नव्हतं. मला ते सुचलं ते मशीनचा आवाज ऐकल्यावर.

"बाई, काढा घेतला खोकल्याचा," देवराव म्हणाला.

"कोणी देला?"

देवरावने माझ्याकडे पाहिलं. बाटली माझ्या पिशवीत होती आणि मी पिशवीचं तोंड मुठीत धरलं. माझ्याही पोटात तोच काढा आहे, बोललो तर बाई मलाही तळाला घालतील, मग फोन नाही, मग गौरी नाही. एवढंच माझ्या डोक्यात फिरत होतं.

"मीच आनला," देवराव म्हणाला.

"काढा म्हन, नाही तं अजून काही म्हन. एकाचं आयकलं तं उद्या सगळेच काढा पेतीन." बाईंचा आवाज जरा चिरकला, पण त्या बदलल्या नाहीत. "जाय आज. उद्या गेट उघडंच हाय."

तो निघून गेला. मी आत जाऊन दिवसभर पोती शिवली. खाली मान घालून शिवत राहिलो की कोणी काही विचारत नाही.

दुसऱ्या दिवशी देवराव आला नाही. तिसऱ्या दिवशीही नाही. चौथ्या दिवशी दुपारी मी ताट तसंच ठेवून उठलो. मी बाईंसमोर जाऊन बाटली ठेवली आणि सगळं सांगून टाकलं. त्या ओरडतील असं वाटलं होतं. त्या उठल्या. भर दुपारी त्यांनी शेडला कुलूप लावलं, आणि आम्ही ऑटो करून देवरावच्या गावी गेलो.

तो गोठ्यात पडला होता. शर्टावर ओकारी, त्यात रक्त. आई दारात बसून नुसती आमच्याकडे पाहत होती. बाई त्याच्याजवळ खाली बसल्या. "देवराव, खरं काहून नाही सांगतलं रे? याचं नाव काहून नाही घेतलं?"

त्याने डोळे उघडले. "याची पोरगी येऊन राह्यली होती न, बाई." मग म्हणाला, "अन् मशीननं मले पेलेला म्हनलंच होतं. मंग म्हनलं, पेऊनच घेऊ."

आम्ही त्याला त्याच ऑटोत घालून दवाखान्यात नेलं. वाटेत त्याचं डोकं माझ्या मांडीवर होतं, आणि त्याने एकदा तरी मला शिवी द्यावी म्हणून मी वाट पाहत होतो. तिसऱ्या दिवशी तो गेला.

बाईंनी वाशीमच्या डॉक्टरांना फोन केला तेव्हा कळलं. काढा नुसता तोंडात असला की मशीन वाजतं. चूळ भरायला लावायची, पंधरा मिनिटं बसवायचं आणि पुन्हा फुंकवायचं. दारू अंगात असेल तर मशीन परत वाजेल, तोंडातलीच असेल तर गप्प राहील. बाई घड्याळाकडे पाहत ऐकत होत्या. फोन ठेवून म्हणाल्या, "पंधरा मिनिटं. एवढा वेळ तं माह्यापाशी होता."

मग माझ्याकडे वळल्या. "गजा, मी तुमाले नुसतं भेवच शिकवलं रे. भेव असून बोला लागते, हे शिकवलंच नाही." मला रडू फुटलं. मला त्यांनी मारलं असतं तर बरं वाटलं असतं.

सहा महिने भरले त्या दिवशी त्यांनी माझ्यासमोर सुवर्णाला फोन लावला. "तुहा मानूस पेला नाही," त्या म्हणाल्या. "पन त्यानं तोंड उघडलं नाही म्हून एक मानूस गेला, अन् त्यात माहाही हात हाय. परत याचं का नाही, तू ठरव." सुवर्णाने फोन माझ्याकडे द्यायला सांगितला. "सोताहून सांगतलं तुमी?" तिने विचारलं. मी हो म्हणालो. "लय उशिरा सांगतलं," ती म्हणाली आणि फोन ठेवला. ती आली, पण आणखी वर्षभराने. तोवर मी पुन्हा तळापासून पोती झटकत होतो. बाईंनी सांगितलं नव्हतं, मीच मागून घेतलं होतं.

गेल्या पावसाळ्यात बाई गेल्या. झोपेतच गेल्या. आता दारात मी बसतो. मशीन वाजलं की माणसाला चूळ भरायला लावतो आणि त्याच्या शेजारी पंधरा मिनिटं बसून राहतो. त्या पंधरा मिनिटांत माझ्या छातीत जे होतं ते त्या माणसाच्याही छातीत होत नसेल. बहुतेक वेळा मशीन पुन्हा वाजतं, आणि त्याला घरी पाठवावं लागतं.

आजवर एकदाच ते दुसऱ्यांदा फुंकल्यावर गप्प राहिलं. तेव्हा बाई हयात होत्या. तोंड धुवायच्या कसल्याशा औषधाने घोळ केला होता. तो माणूस हसत हसत आत कामाला गेला, रांग संपली, शिवण सुरू झाली, तरी बाई बाकावरून उठल्या नाहीत. मी चहा नेऊन दिला तो निवून गेला. मग माझ्याकडे न पाहताच त्यांनी विचारलं, "देवरावची माय एकटीच राह्यते न रे अजून?"

मी म्हणालो, "हो, बाई."

"तिले इचार," बाई म्हणाल्या, "मी घरी भेटाले आली तं चालीन का म्हना."

मी विचारून आलो. म्हातारी म्हणाली, नाही.