सड्यावर माझा दम तुटला

आधी सरळ सांगून टाकते. त्या चढाईत माझा दम तुटला होता. गुण आमचा नव्हता, कपही आमचा नव्हता. हे सांगायला मला एक वर्ष लागलं, आणि एरवी मी गावातल्या कुणालाही तोंडावर सुनावायला एक मिनिट घेत नाही.

आमचं कबड्डीचं मैदान गावाच्या वर, सड्यावर म्हणजे कातळपठारावर आहे. कातळावर माती पसरून केलेलं. समुद्राकडच्या कोपऱ्यात पाय आपटला की खाली डबा असल्यासारखा पोकळ आवाज येतो, हे गावातल्या प्रत्येकाला माहीत आहे. स्पर्धेआधी गावाचे मानकरी, गावकर, तिथे नारळ ठेवून सड्याच्या राखणदार देवाला गाऱ्हाणं घालतात. सगळ्या संघांचे कप्तान त्यांच्या बाजूला हात जोडून उभे राहतात. हात जोडले नाहीत तर मैदानात उतरायचं नाही. नियमांच्या पुस्तकात हे कुठे आहे, असं मी विचारलं तर गावकर म्हणाले, पुस्तक खाली शाळेत असतं, मैदान वर आहे.

आम्ही बौद्धवाडीतले. आमच्या आजीच्या पिढीनं देव सोडले ते काय पोरांनी कबड्डीसाठी परत धरावेत म्हणून? पण वाडीतला मुलांचा संघ वर्षानुवर्षं मुकाट हात जोडत आला. “खेळायला मिळतंय ना?” म्हणायचे. मला त्याचाच संताप. मी मुलींचा संघ उभा केला, पत्रक लिहिलं, झेरॉक्स काढली आणि एसटीच्या थांब्यापासून पिठाच्या गिरणीपर्यंत चिकटवली. मथळा होता: ‘खेळाला श्वास लागतो, नारळ नाही!’

गावकरांनी मला बोलावून घेतलं. सत्तरीचा माणूस, आवाज कधी चढत नाही.

“बाय, तुझा कागद वाचला. अक्षर चांगलं हाय.”

“अक्षर नाही, मुद्दा बघा.”

“बघितला. नका जोडू हात. खेळा. पण कप घेतला नाय, तर पुढच्या वर्षी तुमची कप्तान माझ्या बाजूला उभी राहील. कबूल?”

“कबूल.”

घरी आल्यावर धाकट्या बहिणीनं मला धारेवर धरलं. “कप्तान मी आहे गो! उभी मी राहणार आणि कबूल तू करून आलीस? पत्रकात तर सगळीकडे ‘आम्ही’ लिहितेस.”

आम्ही जिंकणारच होतो, मग उत्तर कशाला हवं?

अंतिम सामना हिवाळ्यातला, ऐन बाराचा. बाराच्या ठोक्याला सड्यावर कुणी थांबत नाही, ती राखणदाराची वेळ, म्हणून दोन तासांनी खेळू असं सगळे म्हणत होते. मी हट्टानं म्हटलं, बारालाच. वारा पडलेला. सावल्या दिवसातल्या सगळ्यात आखूड. माणसं बघायला आली होती, पण त्या कोपऱ्यामागे कुणी बसलं नव्हतं.

बरोबरी झाली आणि शेवटची चढाई माझ्यावर आली. समोर दोघीच उरलेल्या. मी ‘कबड्डी, कबड्डी’ म्हणत कोपऱ्यात शिरले, एकीच्या गुडघ्याला हात लावला आणि वळले. तेवढ्यात दुसरीनं माझा घोटा धरला. मी छातीवर आपटले. श्वास एका झटक्यात गेला. तोंड बंद, दातांत माती. मध्यरेषा अजून बरीच लांब.

आणि ‘कबड्डी, कबड्डी’ चालूच होतं.

माझ्याच आवाजात, पण सावकाश आणि खालच्या पट्टीत. माझ्या बरगड्यांना ते मातीतून लागत होतं. घोटा धरणारीची बोटं माझ्या पायावर थंडगार पडली. ती माझ्या तोंडाकडे बघत होती. मग तिनं विजेचा धक्का बसावा तसा हात काढला. मी सरपटत गेले, बोटाचं टोक रेषेला लागलं. आवाज तेव्हाच थांबला. पंच कान लावून वाकलेले होते. त्यांनी हात वर केला.

वाडीनं मला खांद्यावर घेतलं. मी हसत होते आणि तोंडातली माती थुंकत होते. तेव्हाच सांगायला हवं होतं. नाही सांगितलं. बहीण कप छातीशी धरून रडत होती, तिच्याकडे बघून जीभ उचलली नाही. हे कारण आहे, सबब नव्हे.

मग गावात सुरू झालं. एवढा वेळ कुणाचा दम टिकतो? राखणदारानं पोरीला श्वास दिला! गावकर थांब्यावर भेटले, माझ्या फाटक्या पत्रकाकडे बोट करून म्हणाले, “श्वास लागतो, बरोबर लिवलंस. दिला कोणी, तेवढं खाली लिव.” माझा घोटा धरणारी मुलगी पुन्हा मैदानात आली नाही. आणि एका सकाळी त्या कोपऱ्यात मला नारळ दिसला. आमच्याच वाडीतल्या काकूनं ठेवलेला. “असूं दे गो,” ती म्हणाली, “पोरी खेळतात आमच्या.”

राखणदाराला खोटं पाडायचं तर माझी चढाई खोटी होती हे सांगावं लागणार होतं. दुसरी वाटच नव्हती.

पुढच्या हिवाळ्यात, गाऱ्हाण्याआधी, मी माइक घेतला आणि सांगितलं. दम तुटला होता. कप परत घ्या. बहिणीच्या चेहऱ्याकडे मी बघितलं नाही.

गावकरांनी नारळ खाली ठेवला. “मग बाय, बोलत होतं कोण?”

“कातळ पोकळ आहे. आवाज फिरून येतो.”

“दाखव.”

मी कोपऱ्यात पालथी पडले, तोंड मातीला लावलं आणि श्वास संपेपर्यंत ‘कबड्डी’ म्हटलं. थांबले. दोनेकशे माणसं कान देऊन उभी होती. काही आलं नाही. पुन्हा केलं. तिसऱ्यांदा केलं. काही नाही.

कप आमचा नव्हता, आणि शब्द दिलेला होता. बहीण गावकरांच्या बाजूला जाऊन उभी राहिली, हात मांडीला चिकटवून. गाऱ्हाणं चाललं, ती सोडून सगळे “व्हय महाराजा” म्हणाले. तिनं हात जोडले नाहीत. गावकरांनी तिरप्या नजरेनं पाहिलं आणि नारळ फोडला. पुढच्या वर्षी काय, ते अजून कुणी ठरवलेलं नाही.

घरी जाताना ती माझ्यापुढे दहा पावलं चालत होती. पाखाडीच्या पायऱ्या उतरताना थांबली, पण वळली नाही.

“दम तुटला तेव्हाच थांबायचं होतंस.”

“थांबले होते,” मी म्हटलं.